विहिरीत मुटका मारणाऱ्या खान्देशी पोरांनी स्कूबाला जाण्याआधी हे वाचा

पहिलं एक सांगून टाकतो, आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या पोरांना पोहता येतं हे स्कूबात, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन समुद्राखाली जाण्यात, कामी पण येतं आणि आडवं पण येतं. मी शेतातल्या विहिरीत शिकलो, पाठीला रिकामा डबा बांधलेला, वर काका दोर धरून उभा, आणि विहिरीत आपण शिकतो काय तर मुटका मारायचा, श्वास कोंडून तळाला जायचं, मूठभर गाळ घेऊन वर यायचं, जो जास्त वेळ खाली राहील तो वाघ. मालवणजवळच्या तारकर्लीला होडीत इन्स्ट्रक्टरने विचारलं पोहता येतं का, मी छाती फुगवून हो म्हटलं, आणि खाली गेल्या गेल्या सवयीने श्वास धरून बसलो. त्याने माझ्या छातीवर दोन बोटं टोचली आणि तोंडापुढे हात हलवला, म्हणजे श्वास घे बाबा, सोड बाबा.

तर स्कूबाचा नंबर एकचा नियम हाच, श्वास कधीच धरायचा नाही. कारण साधं आहे. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो, म्हणजे १० मीटरवर, आपल्या भाषेत पाचसहा परस खोल, वरच्यापेक्षा दुप्पट दाब. तिथे तुम्ही टाकीतून छातीभर हवा घेतली आणि ती धरून तसेच वर आलात तर ती हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते, आणि फुप्फुस काही ट्रॅक्टरची ट्यूब नाही. विहिरीत असं होत नाही कारण तिथे हवा वरूनच भरून नेलेली असते, खाली दबते आणि वर आल्यावर होती तेवढीच होते. इथे हवा खालीच घेतलेली असते, सगळा फरक तिथे आहे. आणि हे खोल पाण्यातच होतं असं समजू नका, फुप्फुस गच्च भरलेलं असेल तर दीड मीटर वर येणंसुद्धा भारी पडू शकतं.

पाठीवरच्या टाकीला सगळे ऑक्सिजन सिलिंडर म्हणतात, तसं नसतं, त्यात आपली साधीच हवा असते, साधारण २०० बारपर्यंत दाबून भरलेली. तोंडात जे धरतो त्याला रेग्युलेटर म्हणतात, घरच्या गॅसच्या रेग्युलेटरचाच चुलत भाऊ समजा, जास्त दाबाचं कमी दाबाचं करून जेव्हा ओढाल तेव्हाच हवा देतो. हे चुलत भाऊ मी उगाच म्हटलं नाही. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये जाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी हे यंत्र जुळवलं तेव्हा गान्यांने मुळात युद्धाच्या काळात पेट्रोल मिळेना म्हणून गॅसवर मोटारी चालवायला व्हॉल्व्ह बनवला होता, तोच पुढे पाण्यात गेला.

आता तयारी. घरून निघायच्या आधी महिनाभर स्विमिंग पूलला जा, आणि तिथे वेग वाढवायची नाही तर फक्त तोंडाने हळू श्वास घ्यायची प्रॅक्टिस करा, कारण मास्कमध्ये नाक बंद असतं आणि आपल्याला तोंडाने श्वास घ्यायची सवयच नसते, पहिल्यांदा घाबरतात ते बहुतेक यानेच घाबरतात, माशाने नाही. एक युक्ती सांगतो, घरी बादलीत तोंड बुडवून स्नॉर्कलने पाच मिनिटं श्वास घ्या, घरचे हसतील, हसू द्या. आमच्याकडे वडील म्हणाले, पानीमा मराले जाई ऱ्हायना का तू, आणि तिकिटाचे पैसे पण त्यांनीच दिले.

दमा, हृदयाचा त्रास, फिट येणं, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण, यातलं काही असेल तर फॉर्मवर खरं लिहा आणि आधी डॉक्टरला विचारा. फॉर्मवर सगळीकडे नाही-नाही टिक करून मोकळं होणं ही आपली सरकारी सवय आहे, इथे ती महागात पडते. सर्दी असेल तर सरळ डाईव्ह रद्द, पैसे गेले तरी चालतील, कारण नाक-कान चोंदलेले असताना कानातला दाब सुटत नाही.

कानाचं नीट समजून घ्या. नाक चिमटीत धरायचं आणि हलकेच, हलकेच म्हणतोय, नाकातून फुंकायचं, कानात टक होतं. घाटात गाडी उतरताना कान बसतात ना, सेम तेच, फक्त इथे ते काही फुटांतच होतं. दुखायला लागल्यावर करू नका, दुखायच्या आधी दर दोनतीन फुटांना करत जा, आणि नाहीच उघडले तर थोडं वर या, परत करा, जोर लावू नका. पहिल्या १० मीटरमध्येच दाब दुप्पट होत असल्याने कानाचा खरा त्रास सुरुवातीलाच असतो, पुढे सोपं जातं.

आदल्या रात्री कळण्याची भाकरी, भरीत, शेवभाजीचा लाल तर्रीवाला रस्सा असलं काही नको. ही चेष्टा नाही, पोटातला गॅस पण हवाच आहे, वर येताना तोही फुगतो. सकाळी दोन पोळ्या, एक केळ, भरपूर पाणी. दारू आदल्या रात्रीपासून बंद.

आता कुठे जायचं. नकाशात पाहिलं तर आपला सर्वात जवळचा समुद्र सुरतकडचा, आपली तापी तिथेच तर जाऊन मिळते. पण तिथे डाईव्ह करायचा विचार सुद्धा करू नका, खंभातच्या आखातात तापी, नर्मदा, मही सगळ्या गाळ ओततात आणि भरती-ओहोटी एवढी जबरी असते की तो गाळ बसतच नाही, हात पुढे केला तर स्वतःचा हात दिसणार नाही. प्रवाळाला स्वच्छ, खारं, उजेड पोचेल असं पाणी लागतं, म्हणून चांगली डाईव्ह साईट म्हटलं की ती मोठ्या नदीच्या मुखापासून लांब किंवा बेटाच्या आडोशाला असते. हे एवढं लक्षात ठेवलं तरी पुढे कोणी कुठलीही जागा सांगितली की नकाशा बघून तुम्हाला अंदाज येईल.

त्यामुळे पहिली वेळ मालवण-तारकर्ली. भुसावळ-जळगावहून मंगला एक्सप्रेस थेट कोकण रेल्वेवर जाते, कुडाळ गाठायचं, तिथून मालवण रस्त्याने तासाभरात. मालवणचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांत डाईव्ह होते, म्हणजे महाराजांनी १६६४ ला बांधायला घेतलेला किल्ला वर आणि खाली तुम्ही, हा फील दुसरीकडे नाही. पिवळसर अंगावर काळे पट्टे असलेले सार्जंट मासे इथे एवढे की चेहऱ्याभोवती घोळका करतात. पावसाळ्यात सगळं बंद असतं, दिवाळीनंतर कापसाचे पैसे आले की निघायचं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं, मे मध्ये शाळेच्या सुट्टीची गर्दी असते.

पण एक स्पष्ट सांगतो, मालवणला टूरिस्टला जे देतात ते बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटांचं असतं, इन्स्ट्रक्टर मागून धरून नेतो, काही जण पाठीवर टाकी देतात तर काही होडीतल्या सिलिंडरमधून लांब नळी. वाईट नाही, चव कळते. फक्त पैसे देण्याआधी विचारा, टाकी की नळी, एका इन्स्ट्रक्टरकडे किती माणसं, खाली किती मिनिटं, आधी उथळ पाण्यात शिकवणार का. जो शिकवायला दहा मिनिटं पण देत नाही तिथून उठायचं. आमच्या वेळी एकाने व्हिडिओ भारी यावा म्हणून बिस्किटाचा चुरा सोडला, मासे तुटून पडले, व्हिडिओ खरंच भारी आला, पण नंतर कळलं की त्याने माशांचं खाणंपिणं बिघडतं. आता मी आधीच सांगतो बिस्किट नको.

दुसरा टप्पा नेत्राणी, कर्नाटकात मुर्डेश्वरहून होडीने जायचं बेट, पाणी मालवणपेक्षा बरंच साफ. गोव्यात ग्रांदे बेट आहे, बुडालेल्या जहाजाचे अवशेष बघायला मजा, पण पाणी गढूळ निघालं तर निघालं. आणि खरं बघायचं असेल तर अंदमान. हॅवलॉक, ज्याचं नाव २०१८ मध्ये स्वराज द्वीप झालं, तिथे नवख्यांसाठी नेमो रीफ आहे, किनाऱ्यावरूनच चालत पाण्यात शिरता येतं. डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज ही नावं ऐकाल, ती खोल आहेत, त्यांच्यासाठी कोर्स लागतो. लक्षद्वीप सुंदर पण आधी परमिट काढावं लागतं, कडमत, बंगाराम वगैरे, तो प्लॅन निवांत करा.

कोर्सचं थोडक्यात, पाडी (PADI) म्हणजे स्कूबा शिकवणारी आंतरराष्ट्रीय संस्था, तिच्या पद्धतीत बिनकोर्सची ट्रायल डाईव्ह १२ मीटरपर्यंत, ओपन वॉटर हा पहिला कोर्स केला की १८, पुढच्या अॅडव्हान्स्डला ३०. वय किमान १० वर्षं. ओपन वॉटरला २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं दाखवावं लागतं, ते आपली विहीर करून घेते.

खुणा पाठ करा. अंगठा वर म्हणजे भारी नाही, अंगठा वर म्हणजे मला वर न्या. आमचा चोपड्याचा मित्र, खाली गेल्यावर एवढा खूश झाला की अंगठा दाखवला, इन्स्ट्रक्टरने वर आणला, परत खाली नेला, याने परत अंगठा दाखवला, तीनदा असं झाल्यावर होडीवरचा माणूस म्हणाला याला बसवा इथेच. सगळं ठीक म्हणजे अंगठा-तर्जनी जोडून गोल. पंजा आडवा धरून डुगडुगवला म्हणजे काहीतरी प्रॉब्लेम आहे, आणि कुठे आहे तिकडे बोट दाखवायचं.

खाली गेल्यावर काहीच करू नका. म्हणजे खरंच काही नाही. हात मारू नका, पोहू नका, कुठे पोचायचंय असं वागू नका. मळ्यात दुपारी आंब्याखाली पडतो तसं पडून राहा. जेवढी धडपड तेवढी हवा लवकर संपते, आणि मासे पण लांब पळतात. एक मिनिट शांत राहिलात की दगड दगड राहत नाही, त्यात डोळे दिसायला लागतात.

अंदमानला मी एका खडकापाशी असाच लटकून होतो. पहिल्यांदा दिसला तो निमो, म्हणजे क्लाउनफिश, समुद्रफुलाच्या डंख मारणाऱ्या बोटांत आरामात लोळत होता, त्याच्या अंगावरच्या चिकट थरामुळे त्याला डंख लागत नाही. यांच्यात सगळे नर म्हणून जन्मतात, घरात सर्वात मोठी ती मादी, ती मेली की मोठा नर मादी होतो, घरची सूत्रं बाईच्याच हातात. मग पोपटमासा, चोचीने प्रवाळ कुरतडतोय, आणि चक्क ऐकू येतं ते, कर्रकर्र. तो ते दळून मागून पांढरी वाळू सोडतो, आणि ज्या पांढऱ्या बीचवर आपण लोळून फोटो काढतो त्यातली बरीच वाळू अशीच आलेली असते. होय, तेच. एका ठिकाणी मोठे मासे रांगेत उभे, छोटा निळा क्लीनर मासा त्यांच्या तोंडात शिरून साफसफाई करतोय, सलूनमध्ये रविवारी नंबर लावून बसतात तसे. मोरे ईल बिळातून तोंड उघडबंद करतो, आपल्याला वाटतं चावायला आला, तो बिचारा श्वास घेत असतो.

भीती कशाची बाळगायची ते सांगतो. शार्कची नाही. झालर लावलेल्या लायनफिशच्या काट्यांत विष असतं, दगडासारखा दिसणारा स्टोनफिश त्याहून वाईट, म्हणून खाली कशालाच हात टेकायचा नाही, तळावर उभं राहायचं नाही. समुद्री साप विषारी पण शांत, वाट द्या. टायटन ट्रिगरफिश मात्र अंड्यांवर असला तर अंगावर येतो, त्याचा इलाका वर पसरत गेलेल्या शंकूसारखा असतो असं म्हणतात, म्हणून वर नाही पळायचं, आडवं सरकायचं.

रंगाची पण गंमत. खाली लाल रंग सर्वात आधी जातो, काही मीटरवरच लाल टीशर्ट मळकट दिसायला लागतो, पिवळा जास्त टिकतो. आणि मास्कमधून सगळं मोठं आणि जवळ दिसतं, तर हाताएवढा मासा पाहिला म्हणून सांगाल तेव्हा थोडा कापून सांगा.

प्रवाळ म्हणजे दगड नाही, झाड पण नाही, प्राणी आहे, त्याच्या अंगात शेवाळ राहतं आणि तेच त्याला खाऊ घालतं. पाणी नेहमीपेक्षा एखाद्या अंशानेच पण आठवडेच्या आठवडे तापलं की प्रवाळ ते शेवाळ बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. अंदमानला २०१० मध्ये असं मोठ्या प्रमाणात झालं होतं. एक अंश म्हटलं की आपल्याला काय वाटणार, आपण ४५ मध्ये भुसावळ स्टेशनवर उभे राहणारी माणसं, पण त्याला तेवढं पुरतं.

वर येताना घाई नको, मिनिटाला ९ मीटरपेक्षा हळू, आणि कोर्सवाल्या डाईव्हमध्ये ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश निघायला हवा, नाहीतर सोड्याची बाटली एकदम उघडल्यावर होतं तसं अंगात होतं. याच कारणाने डाईव्हनंतर लगेच विमान नाही, एक डाईव्ह असेल तर किमान १२ तास, जास्त असतील तर १८. अंदमानला शेवटचा दिवस म्हणून मोकळाच ठेवा आणि सेल्युलर जेल बघा, सावरकरांची कोठडी बघायची तर असतेच आपल्याला.

निघताना आईने शंख आणायला सांगितला होता. शंख, प्रवाळाचे तुकडे, बरेच प्रकार वन्यजीव कायद्यात येतात, बॅगेत सापडले तर केस होते, म्हणून किनाऱ्यावर पडलेलं सुद्धा उचललं नाही. मालवणहून कोकमाचं आगळ नेलं. आईने चमचाभर चाखलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, समुद्र आंबट असतो का रे?