रामटेकचा गड उतरल्यावर: गावातून नगरधनपर्यंत एक दिवस

नागपूरहून रामटेक साधारण ५० किलोमीटर. बहुतेक लोक गाडी थेट गडावर नेतात, रामाचं दर्शन घेतात, खिंडसी तलावात बोटीत बसतात आणि जेवायला परत नागपुरात. पायथ्याचं गाव गाडीच्या काचेतून दिसतं तेवढंच. ते गाव आणि पुढचं नगरधन पायी पाहायचं असेल तर अख्खा दिवस हाताशी ठेवा.

दिवस निवडताना थंडीच बघा, दिवाळी ते महाशिवरात्र. त्यातही त्रिपुरी पौर्णिमा टाळा. गडावर तेव्हा मोठी यात्रा असते आणि गल्लीबोळातून माणूस चालत नाही, ढकलला जातो. रामनवमीचंही तेच. यात्रा पाहायची तर तिच्यासाठी वेगळे या. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, सकाळी अकरानंतर दारं लागतात ती संध्याकाळी पाचलाच उघडतात. तेव्हा गावात फिरणं म्हणजे बंद दारं मोजणं. पावसाळ्यात गावाबाहेरच्या पायवाटांवर चिखल असा चिकटतो की चपलेचं वजन दुप्पट होतं.

सोबत माणशी दोन लिटर पाणी, दहा-वीसच्या नोटा, टोपी आणि सहज काढता येणारी पादत्राणं घ्या. दिवसभरात जोडे सात-आठ वेळा काढावे लागतात, लेस बांधत बसलात की बाकीचे पुढे निघून जातात.

साडेसहाला पायथ्याशी असा. गाडी खालीच ठेवा, गावाकडच्या पायऱ्यांनी चढा आणि उतरताना दुसऱ्या अंगानं अंबाळा तलावाकडे या. उलटं केलंत तर ऐन उन्हात चढ लागतो. दगड झिजून गुळगुळीत झालेत, पहाटेच्या दवात घसरतात. उतरताना पाऊल आडवं टाका. माकडांना प्रसादाची पिशवी लांबून ओळखू येते, हातात लोंबकळू देऊ नका, पाठपिशवीत टाकून चेन लावा. चष्मा असेल तर दोरी लावलेली बरी.

अंबाळ्याला घाट आहेत, काठाला देवळं आहेत आणि सकाळी तिथं बहुतेक वेळा कुणाचे तरी दिवस, पिंडदान, अस्थिविसर्जन चालू असतं. कॅमेरा अशा वेळी खिशातच ठेवायचा. पाण्यालगतच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, त्यामुळे हात-पाय धुवायचे ते बसून. इथून टेकडीला वळसा घालून गावात येता येतं. फोनमधला नकाशा जवळची वाट दाखवून शेवटी काटेरी कुंपणापाशी नेऊन सोडतो, म्हणून वाट माणसालाच विचारा.

गावात आधी न्याहारी. तर्री-पोहे मागवले की तर्री, म्हणजे वरून घालतात तो झणझणीत रस्सा, बेतानं घ्या. सवय नसेल तर ‘तर्री बाजूला द्या’ म्हणून सांगायचं. आणि कुणी ‘सांबार टाकू का’ विचारलं तर ती कोथिंबीर आहे, इडलीसोबतचं सांबार नाही. पुण्या-मुंबईचा माणूस इथं हमखास फसतो.

जुन्या वस्तीत घरं अजून ओळीनं उभी आहेत: रस्त्याला लागून ओटा, त्यावर लाकडी खांब, वर कवेलूचं छप्पर, आत अंगण. ओटा अर्धा गावाचा असतो, तिथं टेकायला फारसं कुणी हरकत घेत नाही. अंगण मात्र घराचं. अडचण अशी की बऱ्याच बोळी सरळ कुणाच्या तरी अंगणातच जाऊन संपतात. समोर तुळस, दोरीवर कपडे, ताजा सडा दिसला की बोळ संपली समजायचं आणि मागं फिरायचं. सड्यावर पाय पडला तर बोलणी खावी लागतात आणि ती रास्तच असतात.

ओट्यावरून एक प्रश्न हमखास येतो: ‘कोनाकडं आले जी?’ तो ऐकून न ऐकल्यासारखा केला की अख्खी गल्ली तुमच्याकडे संशयानं बघू लागते. ‘राम राम काकाजी, कोणाकडं नाही, गाव पाहायला आलो,’ एवढं सरळ सांगा. मग बहुधा काकाजीच तुम्हाला पुढची तीन घरं दाखवतात. फोटो विचारून काढा, बाई माणूस उंबऱ्यात असेल तर विचारूनही घाई करू नका. शेवटचं घर संपलं की परतीचा रस्ता दुसऱ्या बोळीनं शोधा. त्याच गल्लीतून तीनदा गेलात तर आधी कुत्री भुंकायला लागतात.

रामटेक पानासाठी जुनं नाव. पानाची शेती करणाऱ्या बरई समाजानं राखलेले पानमळे आता पूर्वीइतके राहिले नाहीत, पण विचारल्यावर एखादा दाखवणारा भेटतो. आत जाताना जोडे बाहेर, हा नियम मोडू नका. वेली आधाराला लागून वर चढलेल्या असतात, दोन ओळींमधली जागा अरुंद आणि ओलसर; पाठपिशवी समोर धरा, नाहीतर वळताना कोवळे शेंडे मोडतात. पानं स्वतः तोडायची नाहीत. विकत घ्यायची तर ओल्या फडक्यात गुंडाळून मागा.

दुपारी नगरधन. रामटेकच्या दक्षिणेला सुमारे ९ किलोमीटर, सायकलनं पाऊण तास, ऑटो केला तर थांबण्याचे पैसे आधीच ठरवा. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं लागतात. कापणीच्या दिवसांत बंड्या (बैलगाड्या) रस्ता अडवून चालतात, हॉर्न वाजवून उपयोग नसतो.

हेच नंदिवर्धन, वाकाटक राजांची जुनी राजधानी. गुप्त सम्राट चंद्रगुप्त दुसऱ्याची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरात दिलेली; नवऱ्याच्या मृत्यूनंतर ती लहान मुलांच्या वतीनं राज्य चालवत होती. तिचा एक ताम्रपट रामगिरिस्वामीच्या, म्हणजे रामगिरीवरच्या देवाच्या पायाशी, आपण सकाळी चढलो त्या गडावरून, दिलेला आहे. तिच्या नावाची मातीची मुद्रा नगरधनच्या उत्खननात सापडली. लोक किल्ला पाहतात आणि परततात. किल्ला बघाच, आत जमिनीखाली उतरून देवीचं ठाणं आहे, पण तो पुष्कळ नंतरचा. जुनी राजधानी आजच्या गावाखाली आहे.

म्हणून इथं चालताना नजर खाली ठेवा. पाया खणलेला असेल, नाली उकरलेली असेल, तिथं कडेला उभं राहून मातीचा काप बघा: वर काळसर राखट माती, खाली विटांचे तुकडे, मध्ये तांबडी खापरं. काही खापरांवर उन्हात अभ्रकाची बारीक चमक दिसते. जुनी वीट आजच्या विटेच्या लांबीला दुपटीच्या आसपास भरते, हाताची वीत लावली तरी फरक कळतो. खापर उचलून खिशात घालू नका. ते कोणत्या थरात होतं यावरच त्याचा काळ ठरतो, आणि घरी नेलं की तो फक्त तुकडा उरतो. घरमालक उभा असेल तर ‘खणताना काय काय निघालं?’ असं विचारू नका. आपली जागा सरकारकडे जाईल की काय या भीतीनं तो गप्प होतो. घर कधी बांधलं, एवढं विचारलं तरी बाकीचं तो स्वतःच सांगतो.

साडेचारला परत निघा. एसटीनं आला असाल तर नागपूरच्या शेवटच्या गाडीची वेळ रामटेकच्या स्टँडवर सकाळीच विचारून ठेवलेली असावी. रामटेकला रेल्वेचा फाटा आहे आणि रूळ इथंच संपतो, पण गाड्या मोजक्याच, त्यांच्या भरवशावर नगरधनला रेंगाळू नका.