आयबीएम मेनफ्रेमच्या झेड/ओएस या ऑपरेटिंग सिस्टिममधील सिस्टिम व्हॉल्यूम आणि देखभालीचे नियोजन

चालू सिस्टिम ज्या सिसरेस व्हॉल्यूमवरून (सिस्टिमचा कोड असलेल्या डिस्कवरून) आयपीएल, म्हणजे सुरू, झाली आहे, त्यावर पीटीएफ (आयबीएमच्या दुरुस्त्या) कधीही थेट लावू नयेत. त्याऐवजी त्या व्हॉल्यूमची, युनिक्स फाइलींच्या झेडएफएस रूट फाइल सिस्टिमची आणि एसएमपी/ई या देखभाल साधनाच्या टार्गेट झोनची (बसवलेल्या कोडच्या नोंदीची) प्रत एकत्रच तयार करावी. झोन मागे राहिल्यास डिस्कवरील कोड आणि त्याची नोंद यांत तफावत पडते, आणि ती शोधणे अत्यंत कष्टाचे असते. ३३९० मॉडेल ९ या प्रकारच्या डिस्क व्हॉल्यूममध्ये १०,०१७ सिलिंडर (जागेची एकके) मिळतात. पुढील वाढीसाठी त्यांत मोकळी जागा राखावी. डेटासेट (फाइली) अप्रत्यक्ष पद्धतीने, म्हणजे व्हॉल्यूमचे ठरावीक नाव न देता, कॅटलॉग केल्यास मूळ आणि प्रत या दोन्ही संचांना एकच मास्टर कॅटलॉग पुरतो. ताजा होल्डडेटा (पीटीएफबाबतच्या अडचणी व सूचनांची माहिती) रिसीव्ह करून आधी अप्लाय चेक (प्रत्यक्ष बदल न करणारी चाचणी) चालवावा, अहवाल शांतपणे वाचावा, मगच प्रतीवर अप्लाय करून तिच्यावरून आयपीएल करावे. अ‍ॅक्सेप्टची, म्हणजे बदल कायम करण्याची, घाई मात्र टाळावी, कारण त्यानंतर रिस्टोअरने माघार घेता येत नाही.