टर्बो गाडीत इंधन बदलताना हवा-इंधनाचं गुणोत्तर कसं जुळवावं

टर्बो गाडीचं ट्यूनिंग करायला बसताना 14.7 हा आकडा आधी डोक्यातून काढा. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला 14.7 किलो हवा लागते हे खरं, पण ते पेट्रोलपुरतंच. त्यात दहा टक्के इथेनॉल मिसळलं की आकडा 14.1 च्या आसपास येतो. ई85 ला (बहुतांश इथेनॉल असलेलं पेट्रोल-मिश्रण) 9.8, निव्वळ इथेनॉलला 9 आणि मिथेनॉलला तर जेमतेम 6.4. हे पाढे पाठ करण्यापेक्षा लॅम्डामध्ये विचार करायची सवय लावा. इंजिनमधलं प्रत्यक्ष गुणोत्तर भागिले त्या इंधनाचं आदर्श गुणोत्तर, म्हणजे लॅम्डा. 1 आला तर हिशेब चोख, खाली गेला तर मिश्रण रिच (इंधन जास्त), वर गेला तर लीन (इंधन कमी). इंधन कुठलंही असो, अर्थ तोच.

एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सरसुद्धा लॅम्डाच मोजतो. टाकीत काय भरलंय हे त्याला कळत नाही. पेट्रोलसाठी बनवलेलं गेज तो लॅम्डा 14.7 ने गुणून दाखवतं. म्हणून ई85 वर गेज 11.8 दाखवत असेल, तर लॅम्डा 0.80 आहे आणि खरं गुणोत्तर 7.8. हे माहीत नसलेला माणूस गेजवरच 7.8 आणायच्या मागे लागतो आणि सिलिंडर इंधनाने धुऊन काढतो. गेजला लॅम्डा दाखवायची सोय असेल तर तीच चालू करा.

सेन्सर वाइडबँडच हवा, म्हणजे 1 पासून दूरचा लॅम्डाही नीट मोजणारा. साधा नॅरोबँड 1 च्या आसपासचंच काय ते सांगतो, बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो हवा दाबून भरत असताना, त्याचा उपयोग नाही. वाइडबँड टर्बाइनमधून (टर्बोचं एक्झॉस्टवर फिरणारं चाक) बाहेर पडणाऱ्या पाइपवर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी बसवा. टर्बाइनच्या अलीकडे दाब आणि उष्णता इतकी असते की रीडिंगवर भरवसा ठेवता येत नाही. एक्झॉस्टला कुठे गळती असेल तर बाहेरची हवा आत शिरते आणि मिश्रण आहे त्याहून लीन दिसतं. मिसफायरचंही तसंच. न वापरलेला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो, म्हणून अति रिच मिश्रणाने मिसफायर होत असतानाही गेज लीन दाखवू शकतं. अशा वेळी आणखी इंधन वाढवलं तर संपलंच.

आता मॅपला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधल्या इंधनाच्या तक्त्याला, हात लावण्याआधीचं काम. हे टाळणारे बरेच असतात, आणि इंजिनं बहुतेक इथेच जातात. पेट्रोलवरून ई85 वर गेलात तर तेवढ्याच हवेला वजनाने दीडपट, आकारमानाने साधारण 40 टक्के जास्त इंधन लागतं. इंजेक्टर (इंधन फवारणारे नोझल) ते देऊ शकतात का, हे कागदावर काढा. 6000 आरपीएमला चार-स्ट्रोक इंजिनचं एक चक्र 20 मिलिसेकंदांत संपतं. इंजेक्टर 85 टक्क्यांपर्यंतच वापरावा असं धरलं तर हातात 17 मिलिसेकंद उरतात. पेट्रोलवर 13 मिलिसेकंद लागत असतील तर ई85 वर 18 च्या वर लागतील. म्हणजे इंजेक्टर मोठे घ्या, नाहीतर बूस्ट कमी ठेवा. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये (इंधन थेट सिलिंडरमध्ये) फवारणीला याहून फारच कमी वेळ मिळतो, आणि हाय-प्रेशर पंपाची मर्यादा वेगळीच.

पोर्ट इंजेक्शनमध्ये (इंधन इनटेकच्या तोंडाशी) रेलचा, म्हणजे इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या नळीचा, दाबही बघा. दाबाचा रेग्युलेटर इनटेक मॅनिफोल्डच्या दाबाला जोडलेला असेल आणि मूळ दाब 3 बार असेल, तर 1 बार बूस्टला रेलमध्ये 4 बार दिसलेच पाहिजेत. तिथे दाब ढासळत असेल तर पंप किंवा फिल्टर कमी पडतोय. मॅपमध्ये इंधन वाढवून ते झाकू नका.

मग लक्ष्य ठरवा. आयडल आणि हलक्या लोडला लॅम्डा 1. बूस्ट चढू लागला की 0.90 वरून उतरत पूर्ण बूस्टला पेट्रोलसाठी 0.78 ते 0.80 ही सुरुवातीची सुरक्षित जागा. इथेनॉलला 0.80 ते 0.85 चालतं, कारण बाष्पीभवन होताना ते किलोमागे पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता ओढतं आणि नॉकिंगही (मिश्रण अवेळी आपोआप पेटणं) उशिरा करतं. सीएनजीचं आदर्श गुणोत्तर 17 च्या आसपास. पण त्यात बाष्पीभवनाचा थंडावा नाही, शिवाय गॅस इनटेकमधली हवेची जागा खातो. डिझेलला हे आकडे लावूच नका, ते मुळात लीनच चालतं.

प्रत्यक्ष ट्यूनिंग डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजणारं यंत्र) करा, रस्त्यावर नाही. बूस्ट वेस्टगेट (बूस्टला आवर घालणारी झडप) स्प्रिंगच्या दाबाइतकाच ठेवा, इग्निशन टायमिंग मागे घ्या (ठिणगी थोडी उशिरा) आणि ईसीयूची, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची, क्लोज्ड-लूप दुरुस्ती (सेन्सर बघून इंधन आपोआप बदलणं) तात्पुरती बंद करा. नाहीतर ती तुमची चूक परस्पर सावरून घेईल आणि लॉगमध्ये काही दिसणार नाही. लॉगमध्ये आरपीएम, मॅनिफोल्डचा दाब, लॅम्डा, इंजेक्टर ड्युटी (तो किती टक्के वेळ उघडा असतो), रेलचा दाब, इनटेक हवेचं तापमान आणि नॉक एवढं हवंच. दुरुस्तीचं गणित सोपं आहे: मॅपमधला आकडा गुणिले मोजलेला लॅम्डा भागिले हवा असलेला लॅम्डा. व्हीई टेबलमध्ये (सिलिंडर किती टक्के हवेने भरतो त्याचा तक्ता) 90 असेल, मोजलेला 0.84 आणि हवा 0.80, तर नवा आकडा 94.5. एकच घर बदलून थांबू नका, शेजारची घरंही त्याच उतारात बसवा.

लॅम्डा जागेवर आला की मगच बूस्ट थोडा थोडा वाढवा, आणि टायमिंग त्यानंतर. नॉक ऐकू आला की इंधन ओतायचं, ही सवय मला मुळीच पटत नाही. लॅम्डा बरोबर असताना नॉक येत असेल तर दोष टायमिंग, बूस्ट किंवा गरम इनटेक हवेत शोधा. 0.75 च्या खाली गेल्यावर बहुधा ताकद घटते आणि सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतलं जातं. रेलचा दाब पडला किंवा लॅम्डा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की ईसीयूने बूस्ट तोडावा, अशी सोय मात्र जरूर करा.

ई85 मध्ये नावाप्रमाणे 85 टक्के इथेनॉल असेलच असं नाही. अमेरिकी मानक 51 ते 83 टक्क्यांची मोकळीक देतं. त्यामुळे इंधनातलं इथेनॉल मोजणारा फ्लेक्स-फ्युएल सेन्सर बसवणं शहाणपणाचं. तो 50 ते 150 हर्ट्झच्या सिग्नलमधून इथेनॉलचं प्रमाण सांगतो आणि ईसीयू दोन मॅपमधलं योग्य मिश्रण निवडतो. थंडीत सुरू करताना इथेनॉलला जास्त इंधन द्यावं लागतं, ते टेबल वेगळं बसवा. जुन्या गाडीत इथेनॉल टाकीतला साचलेला गाळ सोडवतं, म्हणून सुरुवातीच्या एक-दोन टाक्यांनंतर फ्युएल फिल्टर बदला आणि रेलचा दाब पुन्हा तपासा.