जुन्या ट्रकचं इंजिन: बांधून घ्यायचं की बदलायचं?

नागपूरजवळच्या वाडी किंवा कापसीच्या गॅरेजात धूर सोडणारी गाडी लावली की पहिलं वाक्य बहुतेक हेच ऐकू येतं: "भाऊ, इंजिन बसलं तुमचं. फुल करा लागते आता." कधी ते खरं असतं, पण पुष्कळदा बिघाड दुसरीकडेच असतो. लाखांचा खर्च या एका वाक्यावर ठरवू नका. निर्णय दोन टप्प्यांत घ्यायचा: आधी इंजिन न उघडता, आणि मग उघडल्यावर ब्लॉक (इंजिनचा मुख्य सांगाडा) आणि क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा) मोजून. ती मापं हातात येईपर्यंत बांधायचं, म्हणजे झिजलेले भाग बदलून तेच इंजिन पुन्हा जोडायचं, की बदलायचं हे कितीही जुन्या मिस्त्रीला सांगता येत नाही.

पहिलं काम: दोष इंजिनचाच आहे ना?

काळा धूर आणि कमी ओढ असेल तर आधी एअर फिल्टर, डिझेल फवारणारे नोझल, डिझेल पंप आणि टर्बोचे (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचे) होज तपासा. फाटलेला होजही भरलेल्या गाडीला कुरईच्या घाटात दमवतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पण ते टर्बोच्या सीलमधूनही येत असेल. टर्बोकडून इंजिनकडे हवा नेणारा पाइप सोडवून आत बघा. ऑइलचा पातळ थर चालतो, डबकं साचलेलं असेल तर आधी टर्बो. पांढरा धूर येतोय आणि रेडिएटरचं पाणीही कमी होतंय, तर संशय हेड गास्केटवर (ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधल्या सीलवर) किंवा हेडच्या तड्यावर. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढतो, तेव्हा रेडिएटरची जाळी बाहेरून राख-भुशाने बुजली आहे का, फॅनचा पट्टा सैल आहे का, हे पाहायला पैसे लागत नाहीत.

धुळीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण आपल्याकडे इंजिनं वयाने कमी आणि धुळीने जास्त मरतात. उमरेडचा कोळसा, कोराडीची राख, गिट्टीच्या खाणी, अशा कामावरच्या गाडीत फिल्टरपासून टर्बोपर्यंतच्या पाइपला बारीकशी चीर असली तरी पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ते भोक) झपाट्याने घासतात. फिल्टरच्या पुढच्या पाइपात, म्हणजे स्वच्छ हवेच्या बाजूला, बोट फिरवून बघा. बोटाला कचकच लागली तर इंजिन का गेलं ते तिथेच कळलं. तो पाइप आणि क्लिपा न बदलता कोरं इंजिन जरी बसवलं, तरी ते त्याच वाटेने जाईल.

दुसरं काम: उघडण्याआधीची मोजणी

एक वही करा आणि प्रत्येक फेरीला किती डिझेल आणि वरून किती ऑइल टाकलं ते ड्रायव्हरकडून लिहून घ्या. बाहेर गळती नसताना १,००० लिटर डिझेलमागे १० लिटरच्या आसपास ऑइल जात असेल, तर इंजिनकाम दारात आलं असं मी धरतो. गाडी बीएस-६ (नव्या उत्सर्जन मानकाची) असेल तर एवढीही वाट बघू नका. जळलेलं ऑइल सायलेन्सरमधलं महागडं फिल्टर बुजवतं.

गरम इंजिन आयडलला ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा, तोंड लांब ठेवून तेच झाकण उलटं त्या भोकावर ठेवा. ते नाचून उडून पडत असेल, ब्रीदरमधून (इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धुराचा झोत येत असेल, तर रिंगांना दम उरलेला नाही. त्यानंतर नोझलच्या जागी गेज लावून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा किती दाबली जाते ते, घ्या आणि आकडे कंपनीच्या मर्यादेशी ताडून बघा. सहाही सिलिंडर सारखे उतरले असतील तर झीज सगळीकडे आहे. पाच चांगले आणि एकच पडलेला असेल तर व्हॉल्व्ह, गास्केट किंवा तुटलेली रिंग निघू शकते, आणि काम निम्म्यात आटोपतं. ऑइल प्रेशर मात्र डॅशबोर्डच्या काट्यावर सोडू नका. मेकॅनिकल गेज लावा आणि गरम इंजिनवर बघा.

पुढची तपासणी फारसं कोणी करत नाही, पण ती सगळ्यात बोलकी आहे. काढलेला ऑइल फिल्टर फेकू नका. कापा, आतला कागद बाहेर काढा, ऑइल निथळू द्या आणि घड्या उलगडून उन्हात धरा. काळा काजळीचा थर दिसणारच. त्यात बारीक चमक असेल तर लोहचुंबक फिरवा. चिकटलं ते लोखंड, म्हणजे रिंग, लायनर, गिअर यांपैकी काहीतरी. न चिकटणारी चंदेरी चमक बहुधा पिस्टनची किंवा बेअरिंगची. तांबूस कण दिसले तर बेअरिंगचा वरचा थर जाऊन खालचा उघडा पडतोय. तेव्हा गाडी पुढची फेरी मारत नाही, तिथेच थांबते. बेअरिंग फिरून क्रँक खाल्ला की पाच दिवस आधी थांबलो असतो तर काय वाचलं असतं, त्याचा हिशेब फार वाईट निघतो.

तिसरं काम: उघडल्यावर मापं कागदावर

गाडी दिली की "सगळं करून टाक" म्हणू नका. "उघड, धू, मोज, मग बोलू" असं सांगा. बोअर डायल गेजने वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांना मोजून घ्यायचा, म्हणजे तो किती निमुळता आणि किती लांबट झाला ते कळतं. लायनरवालं (बोअरमध्ये वेगळी नळी बसवलेलं) इंजिन असेल तर बोअरची चिंता कमी, लायनर बदलता येतो. टाटा-कमिन्सच्या ५.९ लिटर सहा सिलिंडर इंजिनात मुळात वेगळा लायनर नसतो, बोअर थेट ब्लॉकमध्येच कापलेला असतो. त्यात बोअर ०.५० किंवा १.०० मिमी वाढवून मोठे पिस्टन टाकतात. आधीच्या मालकाने ती मापं संपवली असतील तर स्लीव्ह (बाहेरून आणलेली नळी) बसवावी लागते, आणि ते काम सराईत हातच हवेत.

क्रँकचं ग्राइंडिंग साधारण ०.२५ मिमीच्या पायऱ्यांनी होतं. तो आजवर किती पायऱ्या उतरला ते जुन्या बेअरिंगच्या पाठीवर कोरलेलं असतं, तो तुकडा मागून घ्या. शेवटच्या पायरीला पोचलेला किंवा तडा गेलेला क्रँक पुन्हा बसवायचा नाही. तड्याची चाचणी चुंबकीय पद्धतीने होते, ती करून घ्याच. ब्लॉकला तडा, मेन बेअरिंगच्या जागा वाकड्या आणि क्रँकही संपलेला, हे तिन्ही जमलं असेल तर बांधायचा विषय सोडा. ब्लॉक आणि क्रँक धड असतील तर माझं मत बांधण्याकडेच झुकतं.

एक पळवाट मात्र नको. घासलेल्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकून "सध्या भागवणं" हा सगळ्यात महाग सौदा आहे. थोड्या महिन्यांत धूर परत येतो आणि मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते. विकण्यासाठी असं करणं म्हणजे पुढच्या मालकाला फसवणं.

चौथं काम: गाडीचा हिशेब

इंजिनचा खर्च एकटा बघू नका, गाडी अजून किती वर्षं कमावणार ते बघा. समजा आहे त्या स्थितीत गाडी ४ लाखांना जाते आणि इंजिन केल्यावर साडेसहा लाखांना. पंप, नोझल, टर्बो धरून काम २ लाख ७५ हजारांचं. २० दिवस गाडी उभी, रोजचा तोटा ३,०००, म्हणजे आणखी ६० हजार. एकूण ३ लाख ३५ हजार गेले, किंमत अडीच लाखांनी वाढली. उरलेले ८५ हजार गाडीने कमवायचे. तीन वर्षं चालणार असेल तर महिन्याला अडीच हजारांच्या आत, नव्या गाडीच्या हप्त्यापुढे काहीच नाही. वर्षभरच चालणार असेल तर सात हजारांवर.

यात चेसिसचा गंज, गिअरबॉक्स आणि हाउसिंग (मागचा ॲक्सल) धरा. कागदही धरा. मालवाहू गाडीचं फिटनेस आठ वर्षांनंतर दरवर्षी असतं, महाराष्ट्रात त्याच वयापासून पर्यावरण कर लागतो, आणि १५ वर्षांपुढच्या जड गाडीची फिटनेस फी २०२२ पासून खूप वाढली आहे. चेसिसच कुजलेली असेल तर नोंदणीकृत केंद्रात गाडी भंगारात द्या. तिथून मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या मालवाहू गाडीच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे.

बदलायचंच ठरलं तर

कंपनीने नव्याने बांधलेलं, वॉरंटीचं इंजिन पहिलं विचारा. टाटाची प्रोलाइफ योजना त्यासाठीच आहे. त्यात जुनं इंजिन परत द्यावं लागतं, आणि ते फुटलेलं असेल तर किती कापणार ते आधी लिहून घ्या. गाडी कमी दिवस उभी राहते हा याचा मोठा फायदा. भंगारातलं इंजिन स्वस्त दिसतं, पण त्याचे बोअर आणि क्रँक कोणी मोजलेले नसतात. घ्यायचंच असेल तर चालू करून, कॉम्प्रेशन बघून, पक्क्या बिलावर आणि मूळ गाडीच्या कागदांसह.

इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. तुमचाच ब्लॉक बांधला तर आरसीला हात लावावा लागत नाही. दुसरं इंजिन बसवायचं असेल तर बसवण्याआधी आरटीओची परवानगी हवी: नागपूर शहर, ग्रामीण किंवा पूर्व, जिथे गाडीची नोंद असेल तिथे. कर्ज असेल तर फायनान्सवाल्याची ना हरकत, आणि नंतर विम्यातही नवा नंबर. आरसीशी न जुळणाऱ्या नंबरावर अपघाताचा दावा अडकू शकतो. इंजिन गाडीच्याच उत्सर्जन मानकाचं हवं. बीएस-४ गाडीत बीएस-३ इंजिन चालत नाही.

काम कधी काढायचं तेही ठरवा. काटोल-नरखेडची संत्री वाहणाऱ्याने मृग बहाराची तोड उरकल्यावर, आंबिया या दुसऱ्या बहाराची तोड सुरू होण्याआधी गाडी उघडावी. घाईच्या हंगामात मिस्त्रीही घाई करतो. जुने पार्ट परत मागा, नव्यांची बिलं घ्या, ऑइल कूलर आणि रेडिएटर आतून धुऊन घ्या, कारण आधीचा चुरा तिथेच दडून बसतो.

इंजिन तयार झालं की तासन् तास आयडलला ठेवायचं नाही आणि पहिल्याच फेरीला ओव्हरलोडही नाही. मध्यम वजन घ्या, वेग कमी-जास्त करत चालवा, पाणी आणि ऑइल प्रेशरवर नजर ठेवा. पहिलं ऑइल आणि फिल्टर कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या बरंच आधी बदला. तो फिल्टरही कापून उन्हात धरा. पहिल्या वेळी थोडी चमक दिसेल, दुसऱ्या वेळी ती कमी व्हायला हवी. कमी झाली नाही तर वॉरंटीच्या मुदतीतच गाडी मिस्त्रीच्या दारात उभी करा.