सेकिझेन्कानच्या मुक्कामाआधी: तयारीची यादी

जपानच्या गुन्मा प्रांतात, डोंगरातल्या शिमा गावी, सेकिझेन्कान नावाचं र्योकान आहे. र्योकान म्हणजे जुन्या वळणाचं मुक्कामाचं घर, आणि हे गरम झऱ्यांच्या गावातलं. मुख्य इमारत १६९१ सालची, लाकडी, आणि पाहुणे आजही तिथे उतरतात. आई, धाकटी बहीण आणि मी तिघी राहून आलो. तुम्ही जाणार असाल तर माझं पहिलं सांगणं हेच, की जी काही विचारपूस आणि कळवाकळव करायची ती घरून निघण्याआधी उरका. र्योकानमधला एक मुक्काम साधारण दुपारी तीनपासून दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंतचा. त्यातला एकही तास मोबाइलवर भाषांतर करत काउंटरशी उभं राहण्यात जाऊ नये.

खोली घेताना दर नीट वाचा. तो बहुतेक वेळा खोलीचा नसतो, माणशी असतो, आणि त्यात रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता धरलेला असतो. वर स्नानाचा कर लागतो, बहुतेक गावांत माणशी १५० येन. थोडी रोकड जवळ असू द्या. पासपोर्ट हातातल्या पिशवीत ठेवा, परदेशी पाहुण्यांच्या पासपोर्टची प्रत तिथे काढून घेतात. सुट्टी मिळत असेल तर दोन रात्री ठेवा. शिमा या नावात ‘चाळीस हजार’ हा अर्थ आहे, तेवढे आजार इथलं पाणी बरे करतं अशी जुनी समजूत. अशा झऱ्यांवर लोक पूर्वी आठवडा-आठवडा राहून अंग शेकत, त्या राहण्याला ‘तोजी’ म्हणतात. एका रात्रीत त्याची नुसती ओळख होते.

जेवणाचं मात्र मनावर घेऊन करा. नुसतं ‘शाकाहारी’ कळवून भागत नाही. जपानी स्वयंपाकात भाजीसुद्धा ‘दाशी’त शिजते, आणि दाशी बहुधा ‘कात्सुओबुशी’ची, म्हणजे धुरावून वाळवलेल्या माशाच्या किसाची असते. आधीच्या एका प्रवासात, दुसऱ्याच गावी, मी बुकिंगमध्ये ‘शाकाहारी’ एवढंच लिहिलं होतं. समोर नितळ सूप आलं, त्यात गाजराचं कोरलेलं फूल, आणि वाटी तोंडाशी नेली तर माशाचा वास. वाढणाऱ्या बाईंचा चेहरा माझ्याहून जास्त पडला. तेव्हापासून मी जपानीत करून घेतलेला मजकूर निदान दोन आठवडे आधी पाठवते: मांस, कोंबडी, मासे चालत नाहीत, माशाची दाशी चालत नाही, ‘कोंबू’ या समुद्री शेवाळाची किंवा शिताके अळंब्यांची दाशी चालते. अंडं, दूध, कांदा, लसूण यांचं काय, तेही त्यातच लिहा. लेखी होकार आल्याशिवाय जेवणासह खोली पक्की करू नका. सोबत मेतकूट, खाकरे, भाजलेले शेंगदाणे न्या. ताजी फळं घरीच ठेवा, ती देशात आणू देत नाहीत.

वाट सोपी आहे. तोक्योच्या उएनो स्टेशनवरून ‘कुसात्सु-शिमा’ एक्स्प्रेस सुमारे दोन तासांत नाकानोजोला सोडते, पुढे बस चाळीसेक मिनिटं. बसगाड्या मोजक्याच असतात, तेव्हा परतीची वेळही आधी टिपून ठेवा. रात्रीचं जेवण ठरल्या वेळी मांडतात, म्हणून पाचच्या आत पोचा. मोठ्या बॅगा तोक्योतच ठेवा किंवा कुरिअरने पुढच्या मुक्कामी पाठवा. जुन्या लाकडी जिन्यावरून चाकांची बॅग ओढणं त्या घरालाही बरं नाही.

कपडे थोडेच लागतात, कारण ‘युकाता’ हा सुती झगा तिथेच मिळतो. डावी बाजू उजवीवर येईल असा गुंडाळा, उलट फक्त प्रेताला घालतात. तातामीच्या चटईवर चपला चालत नाहीत, तेव्हा न फाटलेले मोजे मोजून घ्या. हिवाळ्यात बर्फ असतो, पकड असलेले बूट हवेत.

आता स्नानाचं. पाण्यात कपड्यानिशी उतरत नाहीत, पोहण्याचा पोशाखही चालत नाही. बायकांची बाजू वेगळी असते, पण अनोळखी बायका असतातच. आई गणेशपुरीच्या कुंडात साडीनिशी बसलेली, तिला हे तिकिटं काढायच्या आधी सांगणं भाग होतं. दोन दिवस ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “येते मी. उतरायचं की नाही ते तिथे बघू.” घरातल्या मोठ्यांना एवढी मोकळीक जरूर द्या. त्यांना हेही सांगा, की १९३० साली बांधलेल्या ‘गेनरोकु-नो-यू’ या स्नानघरात कपडे काढायची जागा आणि हौद यांच्यामध्ये भिंत नाही. दार सरकवलं की एकच उंच दालन, कमानीच्या मोठ्या खिडक्या, जमिनीत पाच दगडी हौद, आणि तळातून वर येणारं पाणी. कुटुंबापुरतं वेगळं स्नानघर मिळतं का, तेही विचारून ठेवा.

त्या दिवशी केसांना तेल नको. लांब केसांना रबर घ्या, मंगळसूत्र आणि जोडवी खोलीत काढून ठेवा. आधी अंग धुवायचं, साबण पूर्ण काढायचा, मग उतरायचं. छोटा पंचा पाण्यात बुडवत नाहीत, घडी करून डोक्यावर ठेवतात. गोंदलेलं अंग अनेक ठिकाणी चालत नाही, काही ठिकाणी झाकलेलं चालतं. आईच्या मनगटावर तुळशीचं गोंदण आहे, त्यासाठी आम्ही कातडीच्या रंगाची चिकटपट्टी इथूनच नेली होती. रंगलेली मेंदीही गोंदण वाटू शकते, तेव्हा लग्नाहून थेट जाणार असाल तर तीही कळवा.

रक्तदाब किंवा हृदयाचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारून जा. पहिल्यांदा पाच मिनिटं पुरेत. जेवल्याबरोबर किंवा दारू घेऊन उतरू नका, बाहेर आल्यावर पाणी प्या.

आणि पहाटेचा गजर लावा. नाश्त्याआधी हौद बहुधा रिकामे असतात. मी साडेपाचला उठले तेव्हा शेजारची गादी रिकामी होती. आई पंचा घेऊन केव्हाच खाली गेली होती, आणि मी पोचले तर खिडकीजवळच्या हौदात गळ्यापर्यंत बसलेली, मनगटावरची पट्टी एका कडेने सुटत आलेली. दुसरी पट्टी मी खोलीतच विसरले होते. तुम्ही दोन-तीन जास्तीच्या न्या, आणि एक युकाताच्या बाहीत ठेवा.