मेसिएच्या यादीतील चुकलेल्या नोंदी कशा उलगडाव्यात

शार्ल मेसिए या फ्रेंच धूमकेतूशोधकाची तारकागुच्छ, तेजोमेघ अशा अंधूक वस्तूंची यादी हौशी आकाशनिरीक्षकांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातील प्रत्येक क्रमांकापाशी आकाशात काहीतरी असणारच, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात १७८१ साली छापून झालेल्या १०३ नोंदींपैकी ४७, ४८ आणि ९१ या क्रमांकांच्या जागी दुर्बीण रोखली, तर वर्णनाशी जुळणारे काहीही दिसत नाही, आणि १०२ला तर मोजलेली जागाच दिलेली नाही. आजच्या नकाशांत या क्रमांकांपुढे जे एनजीसी (न्यू जनरल कॅटलॉग या नंतरच्या सूचीतील) क्रमांक असतात, ते नंतरच्या अभ्यासकांनी तर्काने ठरवलेले आहेत. हा तर्क कागद, पेन्सिल आणि स्टेलॅरियमसारखी आकाश दाखवणारी एखादी संगणक प्रणाली यांच्या साहाय्याने कोणालाही पुन्हा करून पाहता येतो.

सर्वप्रथम नोंदीतील वर्णन आणि आकडे वेगळे काढावेत. मेसिएने डोळ्यांनी जे पाहिले त्याच्या वर्णनावर सहसा विश्वास ठेवावा; चुका होतात त्या नंतरच्या आकडेमोडीत. दुसरे काम म्हणजे काळाचा फरक काढून टाकणे. परांचनामुळे, म्हणजे पृथ्वीचा अक्ष हळूहळू फिरत असल्याने, आकाशातील मोजमापाचा आरंभबिंदू असलेला संपातबिंदू दरवर्षी सुमारे ५०.३ विकला (३,६०० विकला म्हणजे एक अंश) सरकतो आणि १७७१पासून २०००पर्यंत हे सरकणे तीन अंशांहून अधिक होते, त्यामुळे जुने विषुवांश (पूर्व-पश्चिम स्थान, तास-मिनिटांत) आणि क्रांती (उत्तर-दक्षिण स्थान, अंशांत) आजच्या नकाशावर जशीच्या तशी मांडणे व्यर्थ आहे. प्रणालीतील तारीख निरीक्षणाच्या रात्रीची करावी आणि २००० सालचे निर्देशांक न वाचता त्या दिनांकाचे वाचावेत.

यानंतर त्याने मोजमाप कोणत्या ताऱ्यापासून घेतले हे शोधावे. खरी किल्ली येथेच आहे. दुर्बीण स्थिर ठेवून आकाश सरकू द्यायचे, ओळखीचा तारा दृष्टिक्षेत्रात ताणलेल्या बारीक धातूच्या तारेवरून कधी गेला आणि अंधूक वस्तू कधी गेली हे घड्याळावर टिपायचे, आणि या दोन वेळांतील फरक ताऱ्याच्या ज्ञात विषुवांशात मिळवायचा किंवा त्यातून वजा करायचा, अशी ही रीत असते. आधी कोण गेले याची नोंद उलटी झाली की अधिकाच्या जागी उणे येते आणि वस्तू ताऱ्याच्या दुसऱ्या अंगाला जाऊन बसते.

४७व्या नोंदीचे नेमके असेच झाले. १९ फेब्रुवारी १७७१ रोजी मेसिएने हा तारकागुच्छ पाहिला आणि तो आधीच्या, म्हणजे ४६व्या गुच्छापासून दूर नाही व त्याचे तारे अधिक तेजस्वी आहेत, असे लिहिले. तुलनेसाठी त्याने आज अरित्र तारकासमूहात मोडणारा २ क्रमांकाचा तारा घेतला होता. २०००च्या निर्देशांकांत हा तारा विषुवांश ७ तास ४५.५ मिनिटांवर आहे आणि मेसिएची जागा त्याच्या पूर्वेला साधारण ९ मिनिटांवर पडते. तेथे गुच्छ नाही; तरीही १८८८च्या एनजीसी सूचीत त्या रिकाम्या जागेला २४७८ हा क्रमांक मिळाला. तेवढीच ९ मिनिटे पश्चिमेला मोजली, तर आपण ७ तास ३६.५ मिनिटांच्या आसपास येतो आणि एनजीसी २४२२ हा ठळक, विखुरलेला गुच्छ समोर उभा राहतो. तो ४६व्याच्या शेजारी आहे आणि त्याचे तारेही त्याहून तेजस्वी आहेत. ओस्वाल्ड थॉमस यांनी १९३४ साली ही ओळख सुचवली होती, तर चिन्हाच्या चुकीचा उलगडा मॉन्ट्रियलच्या टी. एफ. मॉरिस यांनी १९५९ साली केला. पॅरिसहून हा गुच्छ क्षितिजावर जेमतेम २७ अंश चढतो. पुण्याहून तो ५७ अंशांवर येतो, त्यामुळे ही पडताळणी आपल्याला द्विनेत्रीनेही सुखाने करता येते.

४८व्या नोंदीत विषुवांश ठीक आहे, पण क्रांती चार-पाच अंशांनी चुकली आहे. त्याच विषुवांशावर दक्षिणेला सरकत गेल्यास वासुकीतील एनजीसी २५४८ सापडतो. येथे चूक कुठे झाली याचा ४७व्यासारखा नेटका माग लागत नाही. मात्र त्या पट्ट्यात वर्णनात बसणारा दुसरा गुच्छ नसल्याने ओळखीबद्दल शंका राहत नाही.

९१व्या नोंदीची उकल मला सर्वांत समाधानकारक वाटते. १८ मार्च १७८१ या एकाच रात्री मेसिएने ८४ ते ९१ असे आठ तेजोमेघ नोंदवले. आज आपण त्यांना दीर्घिका म्हणतो. कन्येच्या त्या दाटीत संदर्भबिंदूंची गल्लत होणे सहज शक्य होते. ही नोंद ५८व्याचीच पुनरावृत्ती असावी, किंवा तो एखादा धूमकेतू असावा, असेही तर्क झाले. १९६९ साली टेक्सासमधील विल्यम विल्यम्स यांनी सुचवले की मेसिएने अंतर ८९व्यापासून मोजले, पण कागदावर ते ५८व्यापासून मांडले. हे स्वतः तपासावे: एनजीसी ४५४८ ही दीर्घिका ८९व्याच्या सुमारे १३ सेकंद पश्चिमेला आणि १ अंश ५६ कला (६० कला म्हणजे एक अंश) उत्तरेला आहे. हाच फरक ५८व्याला लावला, तर मिळणारा बिंदू मेसिएच्या छापील जागेपासून अवघ्या काही कलांवर पडतो. दोन्ही निर्देशांक एकाच गृहीतकाने जुळत असतील तर योगायोगाची शक्यता फारच कमी उरते, आणि कोणतीही उकल स्वीकारताना हीच कसोटी लावावी. प्रत्येक आकड्यासाठी वेगळी चूक कल्पावी लागत असेल, तर ती उकल सोडून द्यावी.

अर्थात प्रत्येक विचित्र नोंद म्हणजे हरवलेली वस्तू नव्हे. ४०व्या नोंदीत सप्तर्षीतील दोन साधे तारे आहेत. हेवेलियस या आधीच्या खगोलनिरीक्षकाने सांगितलेला तेजोमेघ शोधताना १७६४ साली मेसिएला तेथे हे दोनच तारे दिसले, आणि त्याने ते तसेच लिहून ठेवले. येथे गणिताचा प्रश्नच उद्भवत नाही.

१०२व्या नोंदीत मात्र सावध राहावे. ती मेसिएचा सहकारी पिएर मेशाँ याच्या निरीक्षणावरून घेतली आहे आणि जागा भूतपातील ओमिक्रॉन व कालेयातील आयोटा या ताऱ्यांच्या दरम्यान सांगितली आहे. हे दोन तारे एकमेकांपासून चाळीसेक अंश दूर आहेत, तेव्हा ओमिक्रॉनच्या जागी थीटा वाचावे. ही दोन ग्रीक अक्षरे हस्ताक्षरात सारखीच भासतात. असे वाचले की त्या रेषेजवळ कालेयातील एनजीसी ५८६६ ही कडेने दिसणारी दीर्घिका येते. मेसिएने आपल्या प्रतीत नंतर हाताने लिहिलेला विषुवांश १४ तास ४० मिनिटे होता. त्या काळच्या निर्देशांकांत ही दीर्घिका त्याच्या २० मिनिटे, म्हणजे ५ अंश, पूर्वेला होती, आणि नकाशावरील पाच अंशांचे एक घर चुकल्याने असा फरक पडू शकतो. दुसऱ्या बाजूला, खुद्द मेशाँने ६ मे १७८३ रोजी बेर्नुली या खगोलशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात ही नोंद १०१व्याचीच पुनरावृत्ती असल्याचे कळवले होते. निरीक्षकाचा स्वतःचा नकार सहजासहजी बाजूला सारता येत नाही, म्हणून माझ्या मते हा प्रश्न अनिर्णितच ठेवावा.

एनजीसी ५८६६ मात्र जरूर पाहावी. महाराष्ट्रातून ती उत्तरेला सुमारे ५३ अंश उंचीपर्यंत येते. जूनमध्ये पावसाळा आडवा येतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास अंधाऱ्या जागेवरून चार इंची किंवा मोठी दुर्बीण वापरावी, आणि निरीक्षणवहीत एनजीसी क्रमांक आधी लिहून त्यापुढे ‘मेसिए १०२?’ अशी प्रश्नचिन्हासह नोंद करावी.