मुरूम उपसलेल्या रानात आधी गवत, मग झाडं

मुरूम किंवा खडी काढून सोडून दिलेलं रान यंदा हिरवं करायचं असेल, तर रोपं आणायची घाई करू नका. सोलापूरचा खडक काळा बेसाल्ट. कोळशाच्या खाणीसारखं आम्ल इथं सहसा मुरत नाही. खरी अडचण आहे ती मातीच उरलेली नाही ही. त्यामुळे ‘खाणीच्या जमिनीत चुना टाका’ हा सल्ला इथं ऐकू नका. आपली जमीन मुळातच विम्ल, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची, आणि चुनखडीची. क्रशरशेजारी डिझेल-ऑइल सांडलेला थर असेल, तर तो मात्र खरवडून वेगळा काढा, रानभर पसरू नका.

मे महिन्यातच उताराला आडवे चर काढून घ्या. वर्षाचा पाऊस 550 मिलिमीटरच्या आसपास, त्यात जुलै-ऑगस्टमध्ये खंड ठरलेला. पडलेलं पाणी जागीच मुरलं पाहिजे. तलावातला गाळ आणणार असाल तर आधी त्याचा सामू (पीएच) आणि क्षारता तपासा. गाळाचा नुसता थर मुरमावर अंथरला, की वाळून त्याची खपली होते आणि मुळं खाली उतरत नाहीत. शेणखत घालून वरच्या मुरमात नीट मिसळा.

पहिली दोन वर्षं मारवेल, पवना ही गवतं आणि त्यांच्या जोडीला स्टायलो हे चाऱ्याचं पीक. बेसाल्टच्या मुरमात खनिजं असतात, नत्र आणि सेंद्रिय कर्ब मात्र नावालाच. स्टायलो द्विदल असल्याने नत्राची भर घालतो. त्याच्या बियांचं कवच कठीण असतं. 80 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 4 मिनिटं बुडवून मग रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. चांगली ओल झाल्यावर ओलसर मातीत कालवून फोका, खोल गाडू नका. गवत कापून जनावरांना घाला, पण शेळ्या आत सोडू नका. सगळ्यात अवघड काम हेच, कारण शेळ्या बहुतेकदा शेजाऱ्याच्याच असतात.

जिथं अर्धा फूट माती साठली असेल तिथं ताग पेरा आणि 45 ते 50 दिवसांनी, फुलोऱ्याच्या सुमारास, जमिनीत ओल असेल तरच गाडा. कोरड्यात तो कुजत नाही.

बोरीचं रोप लावण्यापेक्षा खड्ड्यातच बी टोका. सोटमूळ न दुखावता थेट खाली जातं. पुढच्या पावसाळ्यात, खोड पेन्सिलीएवढं झालं की, त्यावर उमराण या बोराच्या जातीचा डोळा भरून कलम करा. वेडी बाभूळ आपोआप उगवेल. ती लहान असतानाच मुळासकट उपटा.